पन्नास मीटर, चाळिशीनंतर

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय कळवला, 'वेग', आणि मला आमच्याकडची पोहणारी माणसं आठवली. माझं माहेर सोनई. तिथून शनिशिंगणापूर सायकलच्या टप्प्यात. सूर्याभोवतीची एक फेरी पुरी करायला साडेएकोणतीस वर्षं घेणाऱ्या ग्रहाचं हे गाव. शनिवारी, त्यातून अमावास्या आली तर, घोडेगावच्या फाट्यापासून गाड्यांची रांग लागते. इथली शनीची शिळा पानसनाल्याच्या पुरात वाहत आली अशी आख्यायिका आहे. पूर्वी पुरुषांनी अंघोळ करून ओलेत्यानेच चौथऱ्यावर चढायचं, असा रिवाज होता. म्हणजे या गावाचं पाण्याशी नातं जुनं आहे.

मी मात्र गेले ते मंदिराकडे नव्हे, तर गावाबाहेरच्या एका मळ्यातल्या विहिरीवर. मोटेच्या काळातली चाळीस फुटी विहीर, दगडी बांधणीची. मोटेची धाव आता फक्त नावाला उरली आहे, तिथे जलपरी पंपाचा स्टार्टर बसवलाय. दिवस उगवायच्या वेळी इथे पाच-सात जण जमतात. एकाचं पूजासाहित्याचं दुकान आहे, तेल, रुईच्या पानांचे हार आणि नारळ विकतो. एक प्राथमिक शिक्षक, एक ट्रॅक्टरवाला, बाकीचे शेतकरी. सगळे चाळिशी ओलांडलेले. एकाने काठावर मोबाईलमधलं घड्याळ लावायचं आणि बाकीच्यांनी दोघादोघांनी एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत जीव तोडून जायचं. अंतर जेमतेम बारा मीटर. भिंतीला हात लागला की कपारीला धरून थांबायचं आणि श्वास जागेवर येईपर्यंत पुन्हा निघायचं नाही. हा शेवटचा नियम त्यांना पोहणं शिकवणाऱ्या नगरच्या सरांनी घालून दिलेला, आणि सगळ्यांत जास्त मोडला जाणारा. थांबणं त्यांना जमत नाही. लहानपणापासून ते पाण्यात न थांबताच वाढले आहेत.

डब्यावर शिकलेलं पाणी

आमच्या नेवासे तालुक्यात माझ्या पिढीतलं कुणी तलावात पोहायला शिकलेलं नाही. तेलाचा पंधरा किलोचा रिकामा पत्र्याचा डबा, त्याच्या तोंडाला झाळ देऊन तो हवाबंद केलेला, दोरीने पाठीला आवळलेला. शिंगणापूरच्या आसपास रिकाम्या डब्यांना तोटा नव्हता. ज्यांच्याकडे डबा नाही त्यांच्याकडे वाळलेला भोपळा, नाहीतर पांगाऱ्याचं हलकं लाकूड. चुलता किंवा मामा विहिरीत ढकलून द्यायचा आणि मागून उडी टाकायचा. मे महिना संपेपर्यंत डबा सुटायचा. मग सूर मारायचे, मुटके मारायचे, तळाशी जाऊन मूठभर गाळ वर आणून दाखवायचा.

मुळा उजव्या कालव्याला आवर्तन सुटलं की पोरं पाटावर. बारागाव नांदूरच्या धरणातून निघालेलं पाणी आमच्या शिवारापर्यंत यायचं, त्यात अंग सोडून दिलं की ते आपोआप पुढच्या पुलापर्यंत न्यायचं. धोका तिथेही होता. कालव्याच्या अस्तरावर शेवाळ धरतं आणि धारेला लागलेल्या माणसाला काठ हाती लागत नाही. आता शेततळी आली आहेत, ती त्याहून वाईट. आतला प्लॅस्टिकचा कागद इतका बुळबुळीत असतो, की पट्टीचा पोहणाराही उतारावरून वर चढू शकत नाही. विहिरीवरच्या मंडळींनी आपल्या घरात सक्त ताकीद दिली आहे : शेततळ्यात कुणी उतरायचं नाही, आणि ज्याच्या मालकीचं आहे त्याने आत गाठी मारलेला दोर कायमचा सोडून ठेवायचा.

या सगळ्या शिक्षणाचा गाभा एकच होता : बुडायचं नाही. माझे चुलते सांगायचे, "पव्हणं म्हंजी दम टिकवणं. घाई केली की संपलं." त्यामुळे आमच्याकडचा पोहणारा तासभर पाण्यात राहील, पण डोकं वर ठेवून, पाय खोल सोडून, हात जेवढ्यास तेवढे मारत. मराठी माणसाला पाण्यातलं कौतुकही लांब पल्ल्याचंच. धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया, मालवणच्या चिवला किनाऱ्यावरच्या सागरी स्पर्धा, किंवा पुण्याच्या रोहन मोरेने २०१८मध्ये पूर्ण केलेल्या सात सामुद्रधुन्या, ही आपली अभिमानाची ठिकाणं. रास्तच आहे ते. पण या माणसांना चाळिशीनंतर हौस आलीय पन्नास मीटरची. मास्टर्स स्पर्धा पंचविशीपासून पुढे पाच-पाच वर्षांच्या वयोगटांत होतात. त्यात आपल्या वयाच्या लोकांबरोबर एकदा शिट्टीवर उडी टाकायची, एवढंच त्यांना हवंय. आणि तासभर पोहणारं शरीर पाऊण मिनिटाच्या कामाला पार गोंधळून जातं.

पाणी ढकलतं तेव्हा

ते का गोंधळतं, हे समजून घ्यायचं तर पाण्यापासून सुरुवात करावी लागते. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट. पोहण्याचा वेग वाढला की विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो तोडायला लागणारी ताकद ढोबळमानाने घनाने. पन्नास मीटरला एक मिनिट घेणाऱ्याला ते पन्नास सेकंदांत करायचं असेल तर वेग वाढतो वीस टक्के, पण ताकद लागते पाऊणपटीच्या आसपास जास्त. म्हणून नुसता जोर लावून काही होत नाही. जोर लावण्याआधी विरोध कमी करावा लागतो : डोकं खाली, कंबर वर, पाय पाण्याच्या पृष्ठभागालगत. विहिरीत शिकलेल्याचे पाय खाली लोंबतात. तो जितक्या त्वेषाने हात मारतो तितकं स्वतःचंच अंग त्याला मागे धरून ठेवतं.

दुसरी गोष्ट इंधनाची. पहिल्या आठ-दहा सेकंदांसाठी स्नायूंत तयार माल असतो, क्रिएटिन फॉस्फेटच्या रूपात. तो संपत आला की ऑक्सिजनची वाट न पाहता स्नायू साखर जाळू लागतात. या जळणात आम्लता वाढते, हात जड होतात, दंडात शिसं भरल्यागत वाटतं. पन्नास मीटरला पाऊण मिनिट घेणारा नवखा हौशी जलतरणपटू शर्यतीचा मोठा भाग याच जडपणात काढतो. तासभर पोहताना मुख्यत्वे दुसराच कारखाना चालू असतो, संथ आणि ऑक्सिजनवरचा. तो कितीही तयार असला तरी पहिला कारखाना त्यामुळे तयार होत नाही. त्यात वयाचा भाग असा, की झटक्याने आकुंचन पावणारे वेगवान स्नायुतंतू चाळिशी-पन्नाशीत बारीक होत जातात, आणि त्यांना काम मिळालं नाही तर आणखी लवकर. ते टिकवायचे तर त्यांना जोराचं, थोडंच आणि पुन्हा पुन्हा काम द्यावं लागतं. पन्नाशीतल्या माणसाने स्प्रिंट करणं हा अघोरी हट्ट आहे असं मानणाऱ्यांनी एवढं जरूर लक्षात घ्यावं.

कोल्हापूरच्या जलतरणपटू वीरधवल खाडेची कहाणी इथे सांगायलाच हवी. २००८ साली बीजिंग ऑलिंपिकला गेला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. २०१०च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्याने ५० मीटर बटरफ्लायमध्ये ब्राँझ मिळवलं. १९८६मधल्या खजानसिंगच्या रौप्यपदकानंतर आशियाईत जलतरणाचं हे भारताचं पहिलं पदक. पुढे तो सरकारी नोकरीत गेला, मालवणला तहसीलदारकी केली, काही वर्षं मोठ्या स्पर्धांपासून लांब राहिला. आणि परत आला. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत, सत्ताविशीच्या उंबरठ्यावर, ५० मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत २२.४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. अंतिम फेरीत २२.४७. ब्राँझ गेलं २२.४६ला. एक शतांश सेकंद. त्या वेगाने दोन-सव्वादोन सेंटिमीटर, बोटाचं एक पेर.

मला त्या हुकलेल्या पदकापेक्षा मधली वर्षं मोठी वाटतात. सातबारा, पंचनामे आणि वाळूउपशाच्या तक्रारींच्या दिवसांतून उठून शरीर पुन्हा त्या धारेवर आणणं किती अवघड असेल, याचा अंदाज नोकरी करून पहाटे तलावावर येणाऱ्या कुणालाही येईल. २०२३मध्ये गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत वीरधवलने आणि त्याची पत्नी ऋजुताने ५० मीटर फ्रीस्टाइलची पुरुषांची आणि महिलांची सुवर्णपदकं जिंकली, आणि त्याच स्पर्धेत त्याने निवृत्ती घेतली.

खांदा आणि घोटा

विहिरीवरची मंडळी आठवड्यातून काही वेळा नगरला तलावावर येतात. मीही तिथेच, महिलांच्या बॅचला. सरांनी स्प्रिंटचा सराव सुरू केला तेव्हा सगळ्यांच्या तक्रारी जवळपास सारख्या होत्या, आणि त्या ठराविक क्रमानेच आल्या.

पहिले दोन-तीन आठवडे आनंदाचे. वेग झपाट्याने सुधारतो, कारण स्नायू वाढलेले नसतात. मेंदू आणि मज्जातंतू आहे त्याच स्नायूंतले जास्त तंतू एका वेळी कामाला लावायला शिकतात. अंग दुखतं, पण दोन्ही बाजूंनी सारखं. मेहनतीच्या दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दुखतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं. "लॅक्टिक अॅसिड साचलंय" असं तलावावर सर्रास म्हणतात, ते खरं नाही. ते तासाभरात निघून गेलेलं असतं. दुखतात त्या स्नायूंमधल्या बारीक इजा आणि त्यांच्या दुरुस्तीची सूज.

खरा धोका पुढे, महिना-सव्वा महिन्यानंतर. स्नायू आता ताकदवान झालेला असतो. पण तो हाडाला ज्या कंडऱ्यांनी बांधलेला असतो त्यांना रक्तपुरवठा कमी, त्यामुळे त्या फार सावकाश मजबूत होतात. स्नायूला आठवडे लागतात, कंडरेला महिने. इंजिन नवं आणि पट्टा जुना अशी ही अवस्था. नेमक्या याच काळात माणूस खूश असतो, वेळ कमी होत असते, आणि तो एक जादा सेट मारतो. मग खांद्याच्या पुढच्या बाजूला, एका बोटाने दाखवता येईल अशा ठिकाणी, टोचायला लागतं. हात डोक्यावर नेताना टोचतं, आणि रात्री त्या कुशीवर झोपलं की जाग येते. हे दुखणं आणि अंगदुखी यांतला फरक ओळखता येणं हे चाळिशीनंतरच्या खेळाडूचं पहिलं शिक्षण. एका जागी, एकाच बाजूला, रात्री ठणकणारं दुखणं असेल तर हात थांबवायचे, लाकडी फळी धरून फक्त पायांचं काम करायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं.

आमच्या भागातले खांदे मुळातच पुढे आलेले. खुरपणी, मोटारसायकल, वर्गातल्या वह्या आणि आता मोबाईल. छातीचे स्नायू आखडलेले, पाठीचे ढिले. असा खांदा पाण्यात वेगाने फिरवला की आतली कंडरा हाडाखाली घासते. म्हणून सरांनी पाण्यात उतरण्याआधी रबरी पट्ट्याचे व्यायाम लावून दिले : दंड बाहेर वळवणं, खवाटे मागे ओढणं. दहा मिनिटांचं काम. कुणालाच आवडत नाही आणि पहिल्या महिन्यात त्याचं फळही दिसत नाही. शिक्षक मात्र ते रोज करतात, शाळेच्या व्हरांड्यात, खांबाला पट्टा अडकवून. विहिरीवरच्या गटात ज्यांचा खांदा एकदाही बसला नाही असे ते एकटेच आहेत.

घोट्याची गोष्ट वेगळी. वेगात पाय मारायचे तर पाऊल नर्तकीसारखं सरळ ताणलं गेलं पाहिजे. जन्मभर उकिडवं बसलेल्या माणसाचा घोटा एका दिशेने छान वाकतो, दुसऱ्या दिशेने नाही. पाऊल आडवं राहतं आणि पाण्याला पुढे नेण्याऐवजी अडवतं. ते बळेच ताणलं की तळव्यात नाहीतर पोटरीत गोळा येतो, आणि विहिरीत मधोमध गोळा आला तर ती गंमत नसते. उपाय साधा आहे. वज्रासनात बसायचं, गुडघे कुरकुरत नसतील तर; नाहीतर पलंगाच्या कडेला बसून हाताने पाऊल ताणायचं. ट्रॅक्टरवाल्याने दोन महिने रात्री जेवणानंतर हेच केलं. मग त्याला फळी देऊन पाय मारायला लावलं तेव्हा पहिल्यांदाच तो पुढे गेला. आधी जागच्या जागी फेस काढायचा.

धाप

वेगात पोहताना जी धाप लागते ती मुख्यत्वे ऑक्सिजन संपल्याची नसते, कार्बन डायऑक्साइड साठल्याची असते. मेंदू त्याच्यावर लक्ष ठेवून असतो आणि प्रमाण वाढलं की घबराट सोडतो. घबराटीत माणूस श्वास घ्यायची धडपड करतो, सोडायला विसरतो. त्यामुळे आमच्या सरांचा भर तोंड पाण्यात असताना श्वास सोडण्यावर. बुडबुडे थांबले की ते काठावरून ओरडतात, "ताई, हवा सोडा, हवा!"

काही तरुण मुलं श्वास रोखून एका दमात पन्नास मीटर मारायची पैज लावतात, आणि त्याआधी जोरजोरात दहा-वीस श्वास घेतात. हे जीवघेणं आहे. त्या श्वासांनी कार्बन डायऑक्साइड उतरतो, ऑक्सिजन मात्र फारसा वाढत नाही. मग धोक्याची घंटा वाजतच नाही आणि माणूस पाण्याखाली, काहीही न जाणवता, बेशुद्ध होतो. चांगल्या पोहणाऱ्यांच्या बाबतीतच हे घडतं, कारण नवखा आधीच वर येतो. विहिरीवर एकट्याने स्प्रिंट मारायची नाही, काठावर कोरड्या कपड्यांत एक माणूस हवाच, हा नियम या मंडळींनी स्वतःच केला. मला तो त्यांच्या सगळ्या वेळांपेक्षा मोलाचा वाटतो.

आणि हृदय. चाळिशीनंतर थंड पाण्यात उडी टाकून लगेच पूर्ण जोर लावणं म्हणजे रक्तदाब एका झटक्यात चढवणं. सरांनी प्रत्येकाचा रक्तदाब, साखर आणि ईसीजी पाहूनच सराव सुरू केला. एकाचा रक्तदाब तिथे पहिल्यांदा कळला. गोळी सुरू झाली, महिनाभर तो नुसता संथ पोहला, मग डॉक्टरांच्या परवानगीने वेगाला लागला. वॉर्म-अपही वयाबरोबर वाढतो. विशीतला मुलगा दोनशे मीटरमध्ये तयार होतो, आम्हाला चार-पाचशे लागतात, आणि त्यातही शेवटी चार-सहा वेळा पंधरा मीटर, हळूहळू वेग चढवत.

कपारीला धरून थांबणं

आता मूळ मुद्द्याकडे येते. मोठ्या वयात स्प्रिंट शिकणाऱ्याला सगळ्यांत अवघड जातं ते थांबणं, आणि त्याची सगळी प्रगती या थांबण्यावरच उभी असते.

सरांच्या फळ्यावर लिहिलेलं असतं : पंधरा मीटर पूर्ण वेगात, मग दीड-दोन मिनिटं विश्रांती, असं आठ वेळा. किंवा पंचवीस मीटर, मग तीन मिनिटं विश्रांती, असं चार वेळा. हे पाहून शेतकरी माणूस अस्वस्थ होतो. तासाच्या पैशांत चार मिनिटं पोहायचं आणि बाकी वेळ काठाला धरून उभं राहायचं? म्हणून तो विश्रांती अर्ध्यावर आणतो. मग दुसरी फेरी पहिल्यापेक्षा संथ, तिसरी आणखी संथ, आणि पाचवीपर्यंत तो पुन्हा त्याच जुन्या संथ कारखान्यात शिरलेला असतो. घाम गाळल्याचं समाधान मिळतं, वेगवान तंतूंना काम मिळत नाही. स्नायूंमधला तो तयार माल पुन्हा भरायला काही मिनिटं लागतातच. त्याला पर्याय नाही.

याचं सर्वांत मोठं उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरॉन मॅकेव्हॉयचं. टोकियो ऑलिंपिकनंतर तो थकून तलावापासून दूर गेला. परत आला तेव्हा आठवड्याला वीस-तीस किलोमीटर पोहण्याची जुनी पद्धत त्याने टाकून दिली. दोन-तीन किलोमीटरच पोहायचं, पण प्रत्येक मीटर शर्यतीच्या वेगाने. बाकी ताकद व्यायामशाळेत कमवायची. २०२४ साली पॅरिसला, वयाच्या तिसाव्या वर्षी, आपल्या चौथ्या ऑलिंपिकमध्ये त्याने २१.२५ सेकंदांत ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं. सरांनी ही गोष्ट विहिरीवर सांगितली त्या दिवसापासून दुकानदार काठावर हूं की चूं न करता पुरी दोन मिनिटं उभा राहतो. त्याआधी अमेरिकेच्या डारा टोरेसने २००८ला, एक्केचाळिसाव्या वर्षी, याच शर्यतीत रौप्य घेतलं होतं. सुवर्ण तेव्हाही एका शतांश सेकंदानेच हुकलं. अँथनी अर्विनने २०००मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, सुवर्ण घेतलं होतं, आणि २०१६मध्ये पस्तिसाव्या वर्षी पुन्हा घेतलं, एका शतांशाने पुढे राहून. लांब पल्ल्यापेक्षा या छोट्या शर्यतीत वय जास्त सोसलं जातं, हे या नावांवरून दिसतं.

विश्रांती फक्त दोन फेऱ्यांमधली नव्हे. दोन जोराच्या सरावांत निदान अठ्ठेचाळीस तास जाऊ द्यावे लागतात, आणि झोप पुरी हवी. कांद्याच्या काढणीत किंवा रात्रीच्या विजेवर पाणी भरण्याच्या पाळीत झोप कुठली? त्या आठवड्यांत सर वेगाचा सराव चक्क बंद ठेवतात, फक्त तंत्र शिकवतात. उपवासाचंही तसंच. शिंगणापूरच्या परिसरात शनिवार न धरणारं घर विरळा. साबुदाण्याच्या खिचडीतून पिष्ट मिळतं, शेंगदाण्यातून थोडी प्रथिनं, पण झिजलेल्या स्नायूंची भरपाई तेवढ्यावर होत नाही. उपवास सोडा असं म्हणायचा प्रश्नच नव्हता. सरांनी जोराचा सराव शुक्रवारी सकाळी नेला, म्हणजे त्या दिवशी बाजरीची भाकरी, हुलग्याची नाहीतर मठाची उसळ, दूध, अंडी, जे ज्याला चालतं ते दोन वेळा पोटात जातं. आणि शनिवारी पाण्यात नुसतं तरंगायचं.

इस्लामपूरचा शिपाई

वीरधवल निदान लहानपणापासून जलतरणपटू होता. मोठेपणी नव्या शरीराने पन्नास मीटर शिकणं काय असतं, याचा आपल्याकडचा खरा धडा मुरलीकांत पेटकरांचा. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरला १९४४ साली जन्मलेले पेटकर लष्कराच्या ईएमई या तांत्रिक विभागात जवान होते आणि मुष्टियुद्ध खेळायचे. १९६५च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर निकामी झालं. उपचारांचा भाग म्हणून ते पोहू लागले. १९७२मध्ये जर्मनीतल्या हायडलबर्गला झालेल्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत जागतिक विक्रमासह जिंकली. पॅरालिंपिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडलं, आणि बहुतेकांना त्यांचं नाव कळलं ते २०२४मधल्या 'चंदू चॅम्पियन' चित्रपटामुळे.

पायांचा वापर नाही, म्हणजे किक नाही, उडीचा झटका नाही, आणि खालचं अंग पाण्यात ओढीसारखं मागे येणार. सगळा वेग खांद्यांतून. मुष्टियोद्ध्याचे खांदे त्यांच्याकडे होते, पण ठोसा मारणारा खांदा आणि पाणी ओढणारा खांदा वेगळा; स्नायूंचा क्रम नव्याने शिकावा लागतो. विहिरीवरच्या ट्रॅक्टरवाल्याचा डावा गुडघा अपघातानंतर पुरता वाकत नाही. पेटकरांबद्दल त्याने चित्रपटावरून ऐकलं आणि सरांना विचारलं, "मला पाय सोडून देऊन, नुसत्या हातांनी मारता येईल का?" सरांनी त्याच्या मांड्यांमध्ये फोमचा तुकडा दिला आणि महिनाभर हातांवरच काम घेतलं. आज गटातला सर्वांत लांब हात त्याचा पडतो.

बायकांच्या बॅचला

आमची बॅच सकाळी उशिराची, पाऊण तासाची. तलावात लेनच्या दोऱ्या नसतात. शिकाऊ मुली काठाला धरून पाय मारतात, आया मधोमध उभ्या राहून गप्पा मारतात, आणि त्यांच्यातून वाट काढत वेगात जाणं शक्य नसतं. स्प्रिंटला मोकळं पाणी लागतं. समोर कुणाचं डोकं येईल या भीतीने मान वर उचलली की कंबर खाली गेलीच.

चाळिशीनंतर बायकांच्या शरीराला हे काम पुरुषांपेक्षा जास्त गरजेचं आहे, असं माझं ठाम मत आहे. पाळी जायच्या वर्षांत इस्ट्रोजेन उतरतं, तसे स्नायू आणि हाडं दोन्ही झपाट्याने झिजतात, कंडराही ताठर होतात. स्नायूंना जोराचं काम लागतं, आणि ते पाणी देतं, गुडघ्यांवर भार न टाकता. हाडांसाठी मात्र पोहणं पुरत नाही, पाणी वजन उचलून धरतं. त्यासाठी जमिनीवर वजनं उचलावी लागतात. आमच्यातल्या एका मावशींनी, वय अठ्ठावन्न, डंबेलऐवजी पाण्याच्या बाटल्या उचलून सुरुवात केली. पंधरा मीटरची पहिली स्प्रिंट मारून काठाला लागल्या आणि म्हणाल्या, "अगं, छाती फुटते की काय!" सरांनी नाडी मोजली, तीन मिनिटं उभं केलं, आणि नाडी उतरल्याचं त्यांना स्वतःच्या बोटांनी मनगटावर बघायला लावलं. आता त्या बाकीच्यांची नाडी मोजतात.

आमच्याकडच्या बहुतेक बायका विहिरीत पोहायला शिकल्याच नाहीत. डबा भावाच्या पाठीला बांधला जायचा. मी शिकले ती चुलत्यांच्या हट्टामुळे, आणि तेही न्हाण येईपर्यंतच. त्यामुळे या बॅचमधल्या कित्येकींना दमसासही नव्याने कमवायचा आहे आणि वेगही. गंमत अशी, की विहिरीतल्या पुरुषांची जुनी सवय त्यांना मोडावी लागत नाही. डोकं खाली ठेवा म्हटलं की त्या ठेवतात. थांबा म्हटलं की थांबतात. पहिल्या तीन महिन्यांत त्यांची वेळ पुरुषांपेक्षा जास्त वेगाने उतरली, हे सरांच्या वहीत लिहिलेलं आहे.

दिवाळीआधी आम्ही तलावाच्या व्यवस्थापकांना अर्ज दिला : मंगळवारी आणि शुक्रवारी वीस मिनिटं कडेची एक लेन दोरी लावून मोकळी मिळावी. दोरी नसल्याचं उत्तर आलं. मग पूजासाहित्याच्या दुकानदाराने नायलॉनचा दोर दिला, शिक्षकांनी शाळेतल्या पोरांकडून रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या गोळा केल्या, आणि ट्रॅक्टरवाल्याने दोन्ही टोकांना हुक बसवून दिले. दोर पंचवीस मीटरचा आहे, ओढून घट्ट बसतो, बाटल्यांची झाकणं लाल. शुक्रवारी पहिल्यांदा लावला तेव्हा मावशींनी पंचवीस मीटर मारले, वळून विचारलं किती झाले, आणि आकडा ऐकायच्या आधीच काठाला धरून आपली तीन मिनिटं मोजायला लागल्या.